इंजिन ठोकतंय

४ जानेवारी

धाकटीस,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहिला, त्यातून जास्त अर्थ काढू नकोस.

आप्पा गेल्यापासून, म्हणजे गेल्या सात वर्षांत, मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. आताही लिहिली नसती. पण माझं एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलंय. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सगळं गाव त्यांना भूगोलबाई म्हणतं. त्यांची निळी गाडी गेली अठरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. परवा बाई एक खोकं घेऊन आल्या. आत साबणाच्या वडीएवढा डबा, त्यावर ओळीने दहा दिवे. चार हिरवे, तीन पिवळे, तीन लाल. डब्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला भोक पाडलेलं एक काळं बटण. म्हणे हे बटण इंजिनाला लावायचं, डबा स्टिअरिंगशेजारी चिकटवायचा, आणि इंजिन ठोकायला लागलं की दिवे लागतात.

खोक्यावर तुमच्या कारखान्याचं नाव, आणि तपासणीच्या चिठ्ठीवर तुझी सही. पाहून हसू आलं. आप्पांनी तुला इंजिन शिकवायला घेतलं होतं, आणि तू शेवटी दिवे लावायला शिकलीस!

मी चव्वेचाळीस वर्षं इंजिनं ऐकतोय. लोक मला मिस्त्री म्हणत नाहीत, ‘कान’ म्हणतात. ‘कानाकडे घेऊन जा, बोनेट न उघडता सांगेल,’ असं म्हणतात. त्या माझ्यापुढे बाई हा डबा ठेवतात आणि म्हणतात, “मिस्त्री, हे एवढं बसवून द्या. मला घाटातून जायचं असतं, जरा धीर येतो.” माझ्यापेक्षा डब्याचा धीर!

सोबतचा माहितीचा कागद कुणी लिहिलाय कोण जाणे. बटण कुठल्या बोल्टला लावायचं ते चार ओळींत लिहून पाठव. तुझं व्याख्यान नको. आणि फोन करू नकोस. तू पहिल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलतेस, मला अर्ध्यावर कंटाळा येतो.

— दादा


११ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला सध्या गुडघे दुखतात.

तो कागद मीच लिहिलाय. आतापर्यंत अनेक मेकॅनिकांनी वाचला, त्यातल्या एकालाही अडचण आली नाही. तुला आली, यात मला नवल वाटलं नाही. तू कागद वाचायला घेतोस तोच नाक मुरडून.

चार ओळींत हवंय ना? घे.

पेट्रोल वेळेआधी भडकलं की पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. त्याचा थरथराट लोखंडातून पसरतो, आणि ते ‘बटण’, ज्याला जगभर सेन्सर म्हणतात, हा थरथराट टिपतं. म्हणून ते इंजिनाच्या ब्लॉकवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये जो रिकामा बोल्ट आहे त्याला लाव. खालचा रंग आणि गंज घासून काढ, उघडं लोखंड उघड्या लोखंडाला टेकलं पाहिजे. मध्ये वॉशर घालायचा नाही. बोल्ट टॉर्क रेंचने वीसवर आवळ, अंदाजाने नाही. वायर प्लगच्या वायरींपासून हातभर लांब ने. मग इंजिन गरम कर, उभ्या गाडीत तीन हजारांवर फिरव, आणि डब्यामागचा स्क्रू पहिला हिरवा दिवा जेमतेम लुकलुकेल एवढाच फिरव.

हे एवढं तरी माझं ऐक. मागे एकदा मी सांगितलं होतं की इंजिन ठोकतंय. तेव्हा तू हसला होतास. हिरवी टॅक्सी, चढाचा रस्ता. आठवत नसेल तर राहू दे. मला आठवतं.

— धाकटी


२० जानेवारी

धाकटीस,

तुझा डबा बसवला. तुझ्या कारखान्याचं अभिनंदन. गाडी जागेवर उभी, इंजिन मांजरासारखं घुरघुरतंय, आणि दहाच्या दहा दिवे पेटलेले! भूगोलबाई घाबरून खाली उतरल्या. मी म्हटलं, “बाई, इंजिन ठीक आहे, डब्याला ताप आलाय.” गॅरेजमधले सगळे पोट धरून हसले.

वर तू मला बोल्ट आवळायला शिकवतेस. माझ्या मनगटात टॉर्क रेंच आहे. चांगला सणसणीत आवळलाय, घाटात सैल पडायला नको. खाली बटणाला इजा होऊ नये म्हणून पितळी वॉशरही घातला, तुमच्या कागदात तेवढीही अक्कल नव्हती. वायर प्लगच्या वायरींबरोबर एकत्र बांधून घेतली. काम कसं नेटकं दिसलं पाहिजे. तुझ्या पद्धतीने बोनेटखाली जाळं झालं असतं.

टॅक्सीचा विषय तू काढायला नको होतास. त्या इंजिनाचा पिस्टन तुझ्यामुळे फुटला, ठिणगीचं टायमिंग तू लावलं होतंस, हे आप्पांसमोर सिद्ध झालेलं आहे. त्या माणसाची गाडी तीन महिने आपल्या दारात उभी होती. त्याची रोजची भाकरी बंद पडली होती. मी ते सगळं निस्तरलं आणि तू शहराची वाट धरलीस.

डब्याचं काय करायचं ते कळव. माझं मत विचारशील तर दाराच्या फटीत अडकवायला बरा आहे.

— दादा


२५ जानेवारी

ती. दादास,

तीन गोष्टी करू नकोस म्हणून लिहिलं होतं, तिन्ही केल्यास. एकही चुकवली नाहीस, याला खरोखर निष्ठा लागते.

तू बांधलेली नेटकी वायर प्लगच्या ठिणग्या टिपतेय. त्या दहा दिव्यांनी इंजिन नाही, तुझी नीटनेटकी कारागिरी दाखवली. वॉशर काढ. बोल्ट सैल करून रेंचने वीसवर आवळ. रेंच नसेल तर कुणाकडून तरी मागून आण, मनगट तूर्त बाजूला ठेव. वायर वेगळी ने.

मग चाचणी घे. सपाट रस्त्यावर, नंतर चढावर. चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगाला, पाय पूर्ण दाबून. दिवे दुसऱ्या माणसाने बघायचे, तुझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, ते आधीच ठरवून बसलेत. मग टायमिंग चार अंश मागे घेऊन हेच सगळं पुन्हा. आणि प्रत्येक वेळी तुझ्या त्या प्रसिद्ध कानाला काय ऐकू आलं, तेही लिही. डबा खोटा बोलतोय हे तुला सिद्ध करायचंय ना? मग आकडे लिहून कर. गॅरेजमधल्या लोकांना हसवून काही सिद्ध होत नाही.

टॅक्सीबद्दल: टायमिंग मी लावलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी तीनदा सांगितलं, ही चौथी वेळ.

— धाकटी


६ फेब्रुवारी

धाकटीस,

घे तुझे आकडे. भूगोलबाई स्वतःच शेजारी बसल्या होत्या, वहीत लिहीत होत्या, त्यामुळे मी बनवून सांगतोय असं म्हणायची सोय नाही. वॉशर काढला, वायर हलवली, रेंचही मागून आणला. तुझी सगळी नाटकं केली.

उभ्या गाडीत एकच हिरवा दिवा, तोही अधूनमधून. सपाट रस्त्याला दोन हिरवे. पाण्याच्या टाकीजवळच्या चढाला, चौथ्या गिअरमध्ये, आठ दिवे. म्हणजे एक लाल. तीनदा चढलो, तिन्ही वेळा आठ. मग टायमिंग चार अंश मागे घेतलं. त्याच चढाला दोन दिवे.

आता कान. पहिल्या वेळी: स्वच्छ. दुसऱ्या वेळी: स्वच्छ. तिसऱ्या वेळी: स्वच्छ. टायमिंग मागे घेतल्यावर: स्वच्छ, पण गाडी मेल्यासारखी ओढते. म्हणजे ज्या इंजिनाचा आवाज लोण्यासारखा आहे, त्याला तुझा डबा लाल दिवा दाखवतो. झालं सिद्ध?

बाईंचं डोकं त्या दिव्यांनी फिरलंय. चढावर मधेच विचारतात, “मिस्त्री, डब्यात खडे हलवल्यासारखं काय वाजतंय?” मी म्हटलं, “बाई, तुमची मागची नंबरप्लेट सैल असेल.” त्या परत वहीत लिहायला लागल्या. शिकलेल्या माणसांना दिवा दाखवला की आवाजही ऐकू यायला लागतात.

टायमिंग परत माझ्या जागेवर आणलं, डब्याची वायर काढून टाकली. येत्या रविवारी बाई घाटापलीकडे जाणार आहेत, त्यांच्या थोरल्या बहिणीला इकडे आणायला. बहिणीला नीट चालता येत नाही, गाडीत सामानही पुष्कळ असेल. मी त्यांना सांगितलंय, “निर्धास्त जा, कानाने तपासलेली गाडी आहे.”

या विषयावर पुन्हा पत्र नको.

— दादा


१० फेब्रुवारी

दादा,

मायना लिहायला वेळ नाही. गाडी घाटात पाठवू नकोस.

तू डब्याविरुद्ध म्हणून जे आकडे पाठवलेस, ते तुझ्याविरुद्ध आहेत. डबा खोटा असता तर उभ्या गाडीतही खोटं बोलला असता. तो फक्त चढावर, ओझं पडल्यावर पेटतो, तीनदा सारखाच पेटतो, आणि टायमिंग मागे घेतलं की विझतो. हेच नॉकिंग, दुसरं काही असूच शकत नाही. बाईंना ऐकू आलेले खडे म्हणजे नंबरप्लेट नाही. भरलेली गाडी, तासभर चढ, वर ऊन. पिस्टनला भोक पडेल, आणि ते कुठल्या वळणावर पडेल ते तुझा कान सांगणार नाही.

आठ दिवे लागलेले असताना तुला ‘स्वच्छ’ ऐकू आलं. ऐकायचंच नाही असं ठरवलं की माणूस किती दगड होतो!

काल दुपारी गॅरेजमध्ये फोन केला होता. तूच उचललास. मी “दादा, गाडी पाठवू नकोस” एवढंच वाक्य तीनदा म्हटलं. तू म्हणालास, “ज्याला बोलता येत नाही त्याने फोन करू नये,” आणि आपटलास. घरचा नंबर तू मला कधी दिला नाहीस. म्हणून हे तातडीचं पत्र. एवढा माज मी दुसऱ्या कुठल्या माणसात पाहिलेला नाही, आणि माझ्या कारखान्यात साहेब लोक भरपूर आहेत.

टायमिंग चार अंश मागे घे. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

— धाकटी


१६ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

तुमचं तातडीचं पत्र शुक्रवारी दुपारी घरी आलं. पाकीट त्यांच्या नावाचं होतं, मी फोडलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच असं केलं. आधी सांगून टाकते, गाडी घाटात गेली नाही. आता सगळं सांगते.

वन्सं, तुम्ही लिहिलंत की ते ठरवून ऐकत नाहीत. तसं नाहीये. त्यांना ऐकू येत नाही.

जाडा आवाज येतो. ट्रक आला, दार आपटलं, मोठी बेअरिंग घरघरली की त्यांना बरोबर कळतं. बारीक आवाज जातो. बायकांचं बोलणं अर्धं निसटतं, फोनवर तर पूर्णच. म्हणून ते चिडतात आणि समोरच्याला म्हणतात, ‘तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.’ मलाही किती वर्षं वाटायचं, माझंच बोलणं अस्पष्ट आहे. चारच्या गोळीसाठी त्यांनी घड्याळाला गजर लावलाय. घरी असले की घड्याळ हातावर वाजत असतं आणि मी आतून ओरडते, “अहो, गोळी!” त्यांना वाटतं बायको फार वक्तशीर आहे.

तर पत्र वाचलं. कळलं अर्धंच, पण घाट कळला. तशीच चालत भूगोलबाईंकडे गेले. पत्र वाचून बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं हो. पण मिस्त्री म्हणाले काही नाही. मला वाटलं, आता आपलं वय झालं.” मला फार लाज वाटली.

आम्ही दोघी गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. त्यांनी माझ्या हातात फोडलेलं पाकीट पाहिलं.

“माझं पत्र फोडलंस?”

“फोडलं.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

बाई म्हणाल्या, “मिस्त्री, मला कळतं. डब्याची वायर लावा आणि चला.”

गिऱ्हाइकापुढे बोलता येईना. वायर लावली. ते चालवायला, बाई शेजारी, मी मागे. टाकीच्या चढाला लागलो तसे दिवे चढत गेले. हिरवे, पिवळे, मग लाल. आणि इंजिनातून अगदी स्पष्ट, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. बाई म्हणाल्या, “वाजतंय.” मी म्हटलं, “वाजतंय.” ते म्हणाले, “दोघींनी ठरवून आलात का?”

वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. रस्त्यावर कुणी नाही, वारासुद्धा नाही. आणि त्या शांततेत त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वाजायला लागलं. चार वाजले होते. ते आम्हाला समजावत होते, हात हलवून, की डबा कसा खोटा आहे. घड्याळ वाजतंय आणि हे बोलतायत. बाईंनी त्यांचा हात धरला, मनगट वळवून त्यांच्या डोळ्यांसमोर आणलं. काचेत घंटेचं चित्र लुकलुकत होतं.

ते बघत राहिले. वाजायचं थांबेपर्यंत बघत राहिले. थांबलं हेही त्यांना चित्र गेल्यावरच कळलं.

बाई म्हणाल्या, “मिस्त्री, टायमिंग मागे घेऊन द्या. मी बहिणीला पुढच्या आठवड्यात आणीन.”

त्यांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, बोनेट उघडून ते मागे घेतलं. तेव्हापासून गॅरेजला गेलेले नाहीत. तुम्ही रागावून काही लिहू नका, आणि कींव करून तर अजिबात लिहू नका. ते त्यांना जास्त लागेल.

— तुमची वहिनी


९ मार्च

धाकटीस,

तुझ्या वहिनीने तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, म्हणजे सगळं लिहिलं असणार.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. मला काचेच्या कपाटात बसवलं, डोक्यावर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. म्हणे आवाज आला की दाबा. मी बसलोय, दाबायची वाट बघत. शेवटी बाहेरून तीच हात हलवते, “झालं, या.” मी म्हटलं, “अजून सुरू कुठे झालंय?” ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. डाव्या बाजूला सपाट, मग कड्यावरून ढकलून दिल्यासारखी खाली. दोन्ही कानांची तीच तऱ्हा. पत्रा ठोकणाऱ्यांचं, इंजिनवाल्यांचं असंच जातं म्हणाली, बारीक आवाज आधी. मी विचारलं, “हे कधीपासून?” ती म्हणाली, “एवढं जायला वीस वर्षं तरी लागली असतील.”

वीस.

भूगोलबाईंच्या गाडीचं हेड उतरवलं. चारही पिस्टनची डोकी वाळूने घासल्यासारखी खरखरीत झालीत. तिसऱ्यात तर नख अडकतं. घाटात इंजिन गेलं असतं. तुझा डबा खरा होता. त्यावरचा कागद मात्र अजूनही भिकार आहे.

आता दुसरं. टॅक्सी पंधरा वर्षांपूर्वीची. चढावर तू मागे बसली होतीस, म्हणालीस, “दादा, ठोकतंय.” मला काही ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं तू शहाणपणा दाखवतेस, टॅक्सीवाल्यासमोर. म्हणून हसलो. आठ दिवसांनी पिस्टन फुटला. आप्पा विचारायला आले, टायमिंग कुणी लावलं. टायमिंग मी लावलं होतं. मी म्हटलं, धाकटीने. तोंडातून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. तू ओरडून सांगत होतीस, आप्पा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

गॅरेज उघडलंय. बेअरिंग, गिअरबॉक्स, ब्रेक, या सगळ्यात मी अजून कुणाच्या बापाला हार जात नाही. पण टायमिंगला कान लागतो. त्या पोरीने कानात घालायचं यंत्र दिलंय, त्यात भांडी पडल्यासारखं ऐकू येतं, इंजिन नाही. तू इकडे येऊन बसलीस तर जागा आहे. आप्पांची खुर्ची रिकामीच असते.

— दादा


१५ मार्च

ती. दादास,

नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात डॉक्टरच्या वयाची चौकशी आहे, माझ्या कागदाची निंदा आहे, रिकाम्या खुर्चीचं आमंत्रण आहे. ‘चुकलं’ हा शब्द नाही. शोधून पाहिला.

ऐकू येत नव्हतं हा तुझा दोष नव्हता. ते मी मनातून काढून टाकलं, आणि तातडीच्या पत्रात तुला दगड म्हणाले तेही परत घेते. पण मान हलवायला कान लागत नाही. ती तू नीट ऐकून, नीट बघून हलवलीस.

आप्पांची माझी शेवटची भेट तुला माहीत नाही. मी पहिला डबा बनवून त्यांना दाखवायला आणला होता. तू बाहेरगावी होतास. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, “पोरी, मशिनला हात लावायच्या आधी कुणाला तरी विचारत जा.” मी तेव्हा साठ माणसांच्या खात्याची प्रमुख होते. डबा पिशवीत घातला आणि निघाले. तू त्यांना सांगू शकला असतास. त्यानंतरही दोन वर्षं ते जिवंत होते.

तेव्हा माफ केलं असं लिहून मी तुला मोकळं करणार नाही. पुढे कधी वाटलं तर कळवीन. आणि तुझ्या गॅरेजात कान म्हणून येऊन बसणार नाही. मला माझं काम आहे, आणि तू ज्याला दिवे लावणं म्हणतोस ते मला फार आवडतं.

दोन कामं मात्र कर.

तो टॅक्सीवाला आता बसस्थानकामागे टायर विकतो. त्याच्याकडे जा आणि सांग, टायमिंग कुणी लावलं होतं. पत्राने नाही, चिठ्ठीने नाही. समोर उभा राहून.

दुसरं, कान हवा असेल तर तो तुझ्या घरात आहे. वहिनीने मागच्या सीटवरून, आयुष्यात पहिल्यांदा, बरोबर ओळखलं. तुझ्या हाताखाली राबणाऱ्यांनाही एवढं पटकन कळत नाही. सत्तावीस वर्षं तू तिला ‘तुला काय कळतं’ विचारत आलास, पण उत्तरासाठी कधी थांबला नाहीस. तिला शेजारी बसव. शिकव. आणि ती बोलेल तेव्हा हसू नकोस.

— धाकटी


२ एप्रिल

वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून अंघोळीला गेले. मी वाचलं.

चार दिवसांनी टायरवाल्याकडे गेले. मी बरोबर गेले, पण रस्त्यापलीकडे उभी राहिले. तो माणूस टायरला हवा भरत होता. हे उभे राहून बोलत होते. त्याने हवा भरणं थांबवलं नाही. मला वाटलं भांडेल, पण नाही भांडला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, “काय म्हणाला?” म्हणाले, “म्हणाला, तेव्हा चढावर मलाही ऐकू आलं होतं.” मग बरंच चालल्यावर म्हणाले, “आणि विचारलं, बहिणीला सांगितलंत का?”

मी म्हटलं, “तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, सांगितलं. पण उशिरा.”

हे तुम्हाला लिहू का, असं मी विचारलं. लिही म्हणाले.

भूगोलबाई बहिणीला घेऊन आल्या. गाडी घाटात सुरळीत चालली. डबा त्यांनी काढलेला नाही. त्यांच्या बहिणीला हिरवे दिवे मोजायला आवडतात म्हणे.

आता माझं. काल पावाच्या कारखान्याची व्हॅन आली होती. तिला डबा नाही, काही नाही. ते किल्ली घेऊन बाहेर आले, व्हॅनचं दुसरं दार उघडून उभे राहिले. मी गॅरेजात त्यांचा जेवणाचा डबा द्यायला आले होते. मला वाटलं कुणाची तरी वाट बघतायत. मग म्हणाले, “बस ना.”

मी तशीच, हात पुसत, बसले. नदीवरच्या पुलाचा चढ आहे ना, तिथे त्यांनी पाय दाबला. इंजिन नीट होतं, होतं, आणि मग एकदम बारीक काहीतरी तडतडलं. चुकलं तर? नंबरप्लेट असली तर? त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, पण ओठ घट्ट मिटलेले. वन्सं, ते वाट बघत होते.

मी म्हटलं, “ठोकतंय.”

हळू आवाजात म्हटलं. त्यांना ऐकू आलं नसावं. मग त्यांच्या दंडाला हात लावून, तोंड त्यांच्याकडे करून म्हटलं, “अहो, ठोकतंय.”

ते हसले नाहीत. खात्री आहे का, असंही विचारलं नाही. भर पुलावर व्हॅन बाजूला घेतली, मागचे लोक हॉर्न वाजवतायत, शिव्या देतायत. खाली उतरून बोनेट उघडलं आणि पाना घेऊन, ज्याने टायमिंग फिरतं तो डिस्ट्रिब्युटर सैल केला. मग तिथूनच मान वर करून मला ओरडून विचारलं, “दोन अंश पुरे, की तीन?”

मी म्हटलं, “मला काय विचारता? फिरवा, चालवून बघू. वाजायचं थांबलं की सांगते.”

— तुमची वहिनी